पंचवीस आणि सत्तावीस

"काय गो शीले, मालाव काय हारवलं? कवाची बगतंय मी, वर जातंस न खाली येतंस."

शीला माळ्याच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती. एक हात शिडीला, दुसऱ्या हातात साडीचा घोळ आणि तोंडात देवाचं नाव. मागच्या दारातून शेजारच्या रखमाबाईंचा आवाज आला तशी ती जागच्या जागी थांबली. हात मोकळा नव्हता, म्हणून डोळ्यांनीच तिने बाहेरच्या खोलीकडे खूण केली. तिथे तिचा नवरा पोपट दुपारचा आडवा झाला होता.

रखमाबाई कळव्यातल्या मूळच्या. शेजारणीच्या घरात काय चाललंय हे विचारणं त्यांना आपलं कर्तव्य वाटायचं. पण माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी आवाज खाली आणला आणि त्या शिडीशी येऊन उभ्या राहिल्या.

"हारवलं काय नाय," शीला कुजबुजली. "चढायची सवय करतेय."

"या वयाला?"

"गाडीत वरच्या बर्थवर झोपायचंय मला."

रखमाबाईंनी कपाळाला हात लावला. मग काय समजायचं ते समजल्या. पदर खोचून त्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि म्हणाल्या, "चल. अजून एकदा."

शीला चौथ्या पायरीवर गेली आणि शिडीला बिलगली. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात ती कधी कशावर चढली नव्हती. ट्यूबलाइट पुसायची तरी पोपट, माळ्यावरची पिंपं काढायची तरी पोपट, आणि गणपतीचं मखर बांधायचं तरी पोपटच. एवढ्याशा उंचीला भिणारी बायको मिळाली म्हणून तो जन्मभर तिची टिंगल करत आला होता. आता माळ्याची शिडी दीड वर्षं भिंतीला टेकून होती आणि तिच्यावर कोणी पाय ठेवला नव्हता.

दीड वर्षापूर्वी कोलशेतच्या कारखान्यात, पंपाचं झाकण उघडता उघडता पोपट खाली बसला तो उठलाच नाही. उजव्या बाजूवरून वारं गेलं. दवाखाना झाला, व्यायाम झाले, पाय बऱ्यापैकी परत आला. हात मात्र अजून दुसऱ्याचा असल्यासारखा अंगाला लटकून असायचा. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. काही दिवस तो चाललाही. मग एका संध्याकाळी नाक्यावर तोल जाऊन पडला. कॉलेजातल्या दोन पोरांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि पानाच्या टपरीसमोरच्या स्टुलावर आणून बसवलं. पोरं चांगली होती, त्यांनी पाणीसुद्धा दिलं. पण अख्ख्या नाक्याने आपल्याला पोत्यासारखं उचलताना बघितलं, हे पोपटच्या मनातून गेलं नाही. त्यानंतर त्याने उंबरा ओलांडला तो फक्त दवाखान्यापुरता, तोही रिक्षा दारात आली तर.

आणि आता निशिगंधाचं लग्न आलं होतं. पोपटच्या धाकट्या बहिणीची मुलगी. पोपट तिचा एकुलता एक मामा. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी भटजी पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. निशिगंधाने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "मामा, तू आला नाहीस तर मी तशीच खोलीत बसून राहीन. दुसऱ्या कोणाचा हात मी धरणार नाय." पोपटने आधी लग्नाची तारीख परत विचारून घेतली. मग म्हणाला, "येतो."

शीलाला आनंद झाला आणि त्याच क्षणी धास्तीही वाटली. तो येतो म्हणाला खरा, पण वाटेत, गाडीत चारचौघांसमोर त्याची फजिती झाली, तर तो कुडाळला पोचूनही मांडवात उभा राहणार नाही. कुठल्यातरी मागच्या खोलीत, डोकं दुखतंय म्हणून पडून राहील. आणि मग पुन्हा कशालाही घराबाहेर पडणार नाही. नवऱ्याचं हे पाणी तिने तीस वर्षं जोखलेलं होतं.

तिकिटं रसिकाने काढली. रसिका त्यांची मुलगी, डोंबिवलीला एका इस्पितळात नर्स. मोबाइलवर तिकिटं काढण्यात पटाईत, आणि पटाईत माणसं करतात तशीच चूक तिने केली. पूर्वी एकदा घरातल्या सगळ्यांची नावं तिने ॲपमध्ये साठवून ठेवली होती. नाव, वय, आणि कोणाला कुठला बर्थ लागतो तेही. घाईत तिने त्याच नावांवर टिचक्या मारल्या, आणि जे साठवलं होतं तेच इमानेइतबारे हातात आलं. बाबा वर, आई खाली.

"आई, घोळ झाला गं," ती फोनवर म्हणाली. "बाबांना सत्तावीस लागलाय, अप्पर. तुला पंचवीस, लोअर. आता कॅन्सल करून परत काढायला गेले तर वेटिंग लागेल, लग्नाचा सीझन आहे. पण काय प्रॉब्लेम नाय ना? तुम्ही दोघं आपापसात बदला. तू वर, बाबा खाली. सिंपल."

सिंपल! शीलाने सुस्कारा सोडला. मुलीला बापाचा सगळा इतिहास ठाऊक असतो, पण त्याचा अहंकार कुठे दुखतो ते बायकोलाच माहीत असतं.

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पोपटने बाजेवरूनच सगळं ऐकलं होतं. "त्यात चुकलं काय?" तो म्हणाला. "बरोबरच आलंय. वरची माझीच. कायम मी वरच झोपतो."

आणि मग कित्येक महिन्यांनी तो उठून बसला, रंगात आला आणि त्याने बर्थचं गणित मांडलं. हे गणित म्हणजे त्याचा जुना छंद. चाळीतलं कोणीही गावाला निघालं की तिकीट घेऊन पोपटकडे यायचं. समोर असतील ते डबे, वाट्या, काड्यापेट्या मांडून तो डबा उभा करायचा. आताही त्याने डाव्या हाताने औषधांच्या बाटल्या ओळीत लावल्या.

"बघ गो. एक खालची, दोन मधली, तीन वरची. समोर चार, पाच, सहा, तशीच. आणि सात-आठ वाटेच्या पलीकडे, खिडकीला लागून. एका खणात आठ माणसं. पुढच्या खणात नऊपासून परत तेच. आता पंचवीस कुठं येणार? तीन खण संपले चोविसाला, म्हणजे चौथ्या खणातली पहिली. खालची. सव्वीस मधली, सत्तावीस वरची. म्हणजे तू खाली नि तुझ्या डोक्यावर मी. मधे तिसराच कोणतरी."

शीलाला हे पाठ होतं. तरी ती पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकत राहिली. त्याचं सांगून झाल्यावर सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "अहो, मी काय म्हणते, ह्यावेळी मला वर झोपू द्या ना."

"तुला?"

"जन्मभर खालीच झोपले. माणसं पाय आपटत जातात, चहावाले डोक्याशी ओरडतात. एकदा वर झोपून बघायचंय. हौस म्हणा."

पोपटने तिच्याकडे नीट बघितलं. शीलाने नजर दुसरीकडे वळवली, कारण खोटं बोलताना तिचे कान लाल होतात हे तिला माहीत होतं.

"स्टुलावर चढलीस तर चक्कर येते तुला," तो म्हणाला. "बघू. गाडीत बघू."

त्या 'बघू'मुळेच शीला आठवडाभर दुपारी माळ्याची शिडी चढत-उतरत होती. रखमाबाई शिडी धरायला येत होत्या आणि येताना रोज काहीतरी नवा सल्ला आणत होत्या. शेवटच्या दिवशी तर त्यांनी शीलाला माळ्यावर चढवून, तिथे पिंपांच्या मधे चांगलं आडवं व्हायला लावलं. "लोलून बग," म्हणाल्या. शीला लोळली. वर छत इतकं जवळ दिसलं की तिने डोळे मिटून घेतले. पण पडली नाही. उतरताना मात्र रडकुंडीला आली, आणि रखमाबाईंनी तिला पदराने वारा घातला.

निघायच्या दिवशी रिक्षा खाडीच्या पुलावरून ठाण्याकडे निघाली तेव्हा पोपट बाहेर बघत होता. रसिका सोडायला यायचं म्हणत होती, त्याने तिला झिडकारलं होतं. लहान पोर आहे काय मी, म्हणाला. हमाल करू या का, हेही विचारायची शीलाची हिंमत झाली नाही. एक बॅग तिच्या खांद्याला आणि एका पिशवीत जेवणाचा डबा, एवढंच सामान तिने मुद्दाम घेतलं होतं. निशिगंधाला द्यायची साडी तिने स्वतःच्या साड्यांमधे घडी करून घातली होती.

स्टेशनात लिफ्टने वर आणि लिफ्टने खाली, इथवर सगळं ठीक पार पडलं. फलाटावर उतरल्यावर पोपटने दोन्हीकडे नजर टाकली, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम जुना पोपट आला.

"इकडे ये. एस-चार चहाच्या स्टॉलसमोर लागतो. वर्षानुवर्षं तिथंच लागतो."

तो पाय ओढत स्टॉलसमोर गेला आणि खांबाला डावा हात लावून उभा राहिला. शीला त्याच्याशेजारी बॅग खाली ठेवून उभी राहिली. डोक्यावर डब्यांचे नंबर दाखवणारी पाटी होती. तिच्यावर लाल अक्षरात एस-नऊ लिहिलं होतं. शीलाने दोनदा वाचलं. ही रोजची गाडी नव्हती, सुट्टीतली जादा गाडी होती. तिचे डबे उलटे लागत असणार. एस-चार पार तिकडे, फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे.

सांगावं का? दीड वर्षात पोपट पहिल्यांदा काहीतरी छातीठोकपणे सांगत होता. खांबाला हात टेकवून, मान ताठ करून, आल्यागेल्याकडे बघत उभा होता. त्याला 'अहो, चुकलंय तुमचं' म्हणायचं शीलाच्या जिवावर आलं. तिने मनातल्या मनात हिशेब केला, की त्या टोकाला चालत जायचं तर गर्दीतून, सामानाच्या ढिगांतून, धरायला काही नसताना जायचं. त्यापेक्षा इथंच बरं. शहाणपणाचा निर्णय होता असं नाही. प्रेमाचा होता, आणि असे निर्णय बऱ्याचदा अंगाशी येतात.

गाडी आली. डबे समोरून सरकत गेले आणि पोपटच्या ओठांची हालचाल सुरू झाली. एस-चार त्याच्यासमोरून आला तो थांबलाच नाही, निघून गेला. मग पाच, सहा. गाडी थांबली तेव्हा समोर एस-नऊचं दार होतं.

पोपट बघतच राहिला. "असं कसं?" तो म्हणाला. "हा आपला नाय. आपला पुढं गेला."

फलाटावर धावाधाव सुरू झाली होती. गाडी इथे दोन-चार मिनिटांच्या वर थांबत नाही. शीलाने बॅग खांद्यावर घेतली. "चढा," ती म्हणाली.

"अगो, पण डबा आपला नाय."

"गाडी तर आपलीच आहे ना? चढा."

त्याने डाव्या हाताने दाराचा दांडा धरला. डावा पाय आत गेला, उजवा मागे राहिला. शीलाने मागून दोन्ही हातांनी त्याला ढकललं, अगदी सगळं बळ लावून. तिच्या मागच्या बाईने तिला ढकललं आणि त्या बाईला तिच्या मागच्याने. त्या दारात सगळेच एकमेकांना ढकलत होते, त्यामुळे एका बायकोने नवऱ्याला ढकललं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. गाडी सुटली तेव्हा दोघं दाराजवळ घामाघूम उभे होते.

आता एस-नऊपासून एस-चारपर्यंत चालायचं होतं, तेही हलत्या गाडीतून. शीलाला स्वतःचाच राग आला. पाटी वाचता येत असून तोंड मिटून उभं राहायची शिक्षा म्हणून तिच्या डोळ्यांसमोर नको ते चित्र आलं. पोपट वाटेत कोलमडलाय आणि लोक त्याला उचलताहेत.

"टीसी येईपर्यंत इथंच बसू या," ती म्हणाली. "मग बघू."

पण पोपटने डाव्या हाताने पहिल्या खणाच्या कडेची शिडी धरली होती. वरच्या बर्थला चढायला असते ती, लोखंडी, अरुंद. गाडी हलली तसा तो हलला, पण शिडी सुटली नाही. त्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तोवर पुढच्या खणाची शिडी हाताशी आली. ती धरली. मग तिच्या पुढची.

शीला बॅग सांभाळत त्याच्या मागून निघाली आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण मागे पडतोय. घरात कुठे काय होतं धरायला? रस्त्यावर तर काहीच नव्हतं. इथे पावला-पावलाला शिडी होती, दांडा होता, बर्थची कड होती. आणि गाडी सगळ्यांनाच हेलकावे देत होती. धडधाकट माणसंसुद्धा धरधरून, झोकांड्या खात चालली होती. त्या बोळात पोपट इतर सगळ्यांसारखाच चालत होता. कोणी पाय आत घेत होतं, कोणी पिशवी बाजूला करत होतं. एक बाई "जपून हां काका" म्हणाली, तर पोपट चक्क तिला म्हणाला, "तुमचंच पोर जपा, पाय बाहेर आलाय त्याचा."

दोन डब्यांच्या सांध्याशी मात्र तो थांबला. तिथली लोखंडी पत्र्याची जमीन खाली-वर होत होती आणि फटीतून रूळ पळताना दिसत होते. शीलाने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. पोपट आधी पार गेला, मग पलीकडच्या दांड्याला पाठ टेकवून त्याने डावा हात तिच्याकडे केला.

"दे गो हात. खाली बघू नको."

तिने हात दिला. प्रत्येक सांध्याला दिला.

एस-चारमधल्या पंचवीस नंबरवर ती दोघं येऊन बसली तेव्हा पोपटला धाप लागली होती, शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो हसत होता. शीलाने पाण्याची बाटली उघडून दिली. तिला रडू येत होतं, पण हसणाऱ्या माणसाजवळ बसून रडायचं कशाला, म्हणून तिने तोंड धुऊन येते म्हणून सांगितलं आणि बेसिनपाशी जाऊन रडून आली.

समोरच्या खालच्या बर्थवर सुमतीबाई होत्या. ठाण्यात वर्तकनगरला मुलाकडे महिनाभर राहून कणकवलीला परत निघालेल्या, निवृत्त शिक्षिका. बोलणं स्वच्छ, ऐटबाज, आणि भरपूर. पनवेल येईपर्यंत त्यांनी नातवाची, सुनेची आणि सोसायटीच्या पाण्याची सगळी हकिगत सांगून टाकली. पनवेलला सव्वीस नंबरचा माणूस चढला. जेवणं आटोपली तसा तो "मधला उघडू का?" म्हणाला, साखळ्या लावून मोकळा झाला आणि भिंतीकडे तोंड करून घोरायलाही लागला. हेवा करावा असा होता तो माणूस.

आता पोपटला आणि शीलाला उभं राहणं भाग पडलं. पोपटने सत्तावीसकडे मान वर करून बघितलं. डावा हात शिडीवर ठेवला.

शीला पटकन मधे आली. ती म्हणाली, "अहो, ठरलंय ना आपलं? मला वर झोपायचंय."

पोपट शिडीकडे बघत होता, कारखान्यात तो बिघडलेल्या पंपाकडे बघायचा तसा, घाई न करता. पायऱ्या, त्यांच्यातलं अंतर, वरच्या कडेचा दांडा. त्याचा उजवा हात मांडीशी लोंबत होता. पाच डबे आपल्या पायांनी चालून आलेला माणूस होता तो. आज संध्याकाळी त्याला कोणी उचललं नव्हतं. शिडीवरचा हात त्याने काढून घेतला आणि बाजूला सरकला.

"चढ," तो म्हणाला. "माळ्यावर चढतेस तशी नको पण. तिथली शिडी तिरकी आहे, ही सरळ आहे."

शीलाने वळून बघितलं.

"रोज दुपारी दोघी मिळून एवढा आवाज करायच्या," पोपट म्हणाला, "झोपणार कसा माणूस?"

तिचे कान लाल झाले. तिने पदर खोचला, चपला बर्थखाली सरकवल्या आणि चढायला लागली. पहिली पायरी, दुसरी. लोखंड तळव्याला रुतत होतं. डावा पाय वरच्या पायरीवर गेला, दोन्ही हातांनी तिने वरच्या बर्थची कड पकडली. आता शिडी संपली होती आणि बर्थ अजून छातीशी होता. उजवा पाय हवेत चाचपडत राहिला. गाडीने एक झोल घेतला. तिने डोळे मिटले.

"अहो, राहू द्या ना!" सुमतीबाई खालून कळवळून म्हणाल्या. "या वयात कशाला हा उपद्व्याप? तुम्ही या बघू खाली. यांना जाऊ द्या वर. पुरुषमाणसांना सवय असते."

बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण शीलाला कळलं, आपण आता खाली उतरलो की सगळे पोपटकडे बघणार, आणि पोपटला एक तर चढावं लागणार, नाहीतर नाही चढता येत असं म्हणावं लागणार. ती उतरली नाही. पण वरही जाता येईना. 

तेवढ्यात उजव्या तळव्याखाली काहीतरी आलं. ऊबदार, खरखरीत. पोपटचा पंजा.

"ठेव पाय," तो म्हणाला.

शीलाने चटका बसल्यासारखा पाय वर घेतला. "अहो! पाय लागला तुम्हाला."

"लागू दे."

"नाही हो. नवऱ्याला पाय लावून कुठे..."

"शीला." तिच्या लक्षात आलं, तो हसत नव्हता, चिडलाही नव्हता. "ठेव म्हणतोय ना. डाव्या हातात अजून सगळी ताकद आहे माझ्या. बरगडीशी कोपर टेकवलंय. वजन टाक."

तीस वर्षांत चुकून झोपेत त्याला तिचा पाय लागला, तरी तिने अर्धवट जागेपणी हात लावून नमस्कार केला होता. आता तिने जाणूनबुजून, चारचौघांदेखत, नवऱ्याच्या तळहातावर पाऊल ठेवलं. आधी नुसतं टेकवलं. हात हलला नाही. मग तिने हळूहळू भार टाकला, आणि शेवटी सगळाच टाकला.

हात खाली गेला नाही. उलट वर आला, आणि त्याच्याबरोबर ती वर आली. पोटावर सरपटत, साडी आवळत ती बर्थवर पोचली आणि थोडा वेळ तशीच पालथी पडून राहिली.

मग तिने कडेवरून हात खाली सोडला. मधल्या बर्थवरच्या घोरणाऱ्या माणसाच्या पाठीवरून तो कसाबसा अर्ध्यापर्यंत पोचला. पोपटला कळलं तिला काय हवंय ते. त्याने आपला डावा हात वर केला. तिने बोटांनी त्याच्या तळव्याला स्पर्श केला आणि ती बोटं कपाळाला लावली.

"झालं समाधान?" खालून आवाज आला. "झोप आता. भिंतीकडे सरकून झोप."

पंचवीस नंबरचा बर्थ करकरला, म्हणजे तो टेकला. शीलाला वरून तो दिसत नव्हता. नुसते आवाज येत होते.

"तुमच्या हाताला काही झालंय का हो?" सुमतीबाईंनी विचारलं. आता त्यांचाही आवाज खाली आला होता. "मघाशी मी उगाच बोलून गेले."

शीला बर्थच्या कडेशी सरकली. दीड वर्षात हे कोणी विचारलं की तो उठून आत जायचा, आणि इथे आत जायला जागा नव्हती.

"उजवी बाजू गेली होती," पोपट म्हणाला. "पाय आला. हात यायचाय. मला वर चढता येत नाय आता."

एवढं सरळ त्याने स्वतःच्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. गाडी कुठल्यातरी पुलावर आली असावी, आवाज बदलला. तो थांबला असावा आवाज जाईपर्यंत, कारण पुढचं शीलाला नीट ऐकू आलं.

"परवा भाचीचं लग्न आहे कुडाळला. मामा मी. मुलीला मांडवात मलाच आणायचंय."

"हो का? वा! मग तर जायलाच हवं."

"जातोय ना," पोपट म्हणाला. "सावकाश आणीन तिला. थांबतील लोक."

वर आधीच टाकून ठेवलेली चादर शीलाने अंगावर ओढली. उजवं पाऊल तिने चादरीच्या बाहेरच राहू दिलं.